‘पर्स्वेड’ म्हणजे नुसते समजाविणे नव्हे

कल्याणहून मुरबाड, सरळगाव आणि टोकावडे मागे टाकीत माळशेज घाटाकडे जाणारा महामार्ग घाटाची चढण लागण्यापूर्वी वैशाखरे या गावावरून जातो. नाणेघाटाची वाट तुडविणाऱ्या मुंबई-पुण्याच्या भटक्यांना हे गाव परिचयाचे आहे. मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांच्या पट्ट्यात ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. घरात बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि त्यावर तिसरी भाषा इंग्रजी, असा येथील अनेक मुलांचा क्रम असतो. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला, तेव्हापासून ही तिसरी भाषा अक्षरओळखीबरोबरच दारात येऊन उभी राहते.

या मुलांपैकी एखाद्याला पुढे कधीतरी एक साधे वाक्य भाषांतरासाठी मिळते. ‘मी त्याला खूप समजावले, पण त्याने ऐकले नाही.’ मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. शब्दकोशात ‘समजाविणे’ किंवा ‘मन वळविणे’ या अर्थाचा इंग्रजी शब्द शोधला की ‘पर्स्वेड’ हे क्रियापद हाती लागते आणि वाक्य तयार होते, ‘आय पर्स्वेडेड हिम अ लॉट, बट ही डिड नॉट लिसन.’ प्रत्येक शब्दाचे स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, आणि तरीही वाक्य चुकलेले. त्याचा पूर्वार्ध जे सांगतो तेच उत्तरार्ध खोडून काढतो. अर्थात ही चूक वैशाखऱ्याच्या वर्गापुरती नाही. नरिमन पॉइंटच्या कार्यालयातून निघणाऱ्या पत्रांतही ती सापडते, फक्त तिथे तिला लाल शाईने अधोरेखित करणारे कोणी नसते.

यश क्रियापदाच्या पोटात

इंग्रजीतील काही क्रियापदे केवळ प्रयत्न सांगतात, तर काही त्या प्रयत्नाचा परिणामही सांगतात. ‘अ‍ॅडव्हाइज’ म्हणजे सल्ला देणे, ‘अर्ज’ म्हणजे आग्रह धरणे, ‘प्लीड’ म्हणजे विनवणी करणे. यांत समोरच्याने ऐकले की नाही, हे गुलदस्त्यातच राहते. ‘पर्स्वेड’ मात्र समोरचा माणूस राजी झाल्यावरच वापरता येते. ‘आय पर्स्वेडेड हिम’ असे म्हटले की ऐकणारा गृहीत धरतो, तो तयार झाला. प्रयत्न फसला असेल, तर तसे वेगळे सांगावे लागते. ‘आय ट्राइड टु पर्स्वेड हिम’ किंवा ‘आय कुड नॉट पर्स्वेड हिम’.

मराठी वाचकाला हे समजण्यासाठी महाभारताहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. युद्धापूर्वी श्रीकृष्ण कौरवांच्या दरबारी गेला, दुर्योधनाला परोपरीने समजावले आणि हात हलवीत परतला. मराठीत ‘शिष्टाई’ हा शब्द या प्रसंगाशी इतका जोडला गेला आहे की शिष्टाई करणे म्हणजे यशस्वी होणे, असे कोणीच मानीत नाही. ‘शिष्टाई फळाला आली’ असे मुद्दाम म्हणावे लागते. त्याच श्रीकृष्णाने पुढे रणांगणावर धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाला युद्धास उभे केले. इंग्रजीत हे दोन्ही प्रसंग एका वाक्यात मांडायचे तर, ‘कृष्ण पर्स्वेडेड अर्जुन टु फाइट, बट कुड नॉट पर्स्वेड दुर्योधन टु मेक पीस.’ पहिल्या ठिकाणी नुसते क्रियापद पुरते, दुसऱ्या ठिकाणी ‘कुड नॉट’ लागते. हे एक वाक्य ज्याने नीट लक्षात ठेवले, त्याने या क्रियापदाचे निम्मे काम उरकले.

मग मराठीत चूक का होते? कारण आपल्याकडे या अर्थछटेचे शब्द अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेक प्रयत्नाकडे झुकलेले आहेत. ‘समजाविणे’, ‘समजूत घालणे’, ‘मनधरणी करणे’, ‘विनवणी करणे’, ‘गळ घालणे’ या साऱ्यांपुढे ‘पण तो बधला नाही’ हे शेपूट बिनदिक्कत जोडता येते. ‘मन वळविणे’ आणि ‘राजी करणे’ यांना ते जोडता येत नाही. ‘त्याचे मन वळविले, पण तो तयार झाला नाही’ हे मराठी कानालाही खटकते. म्हणजे ‘पर्स्वेड’चा खरा जोडीदार ‘मन वळविणे’ हाच, आणि ‘समजाविणे’ हा त्याचा शेजारी.

‘वळविणे’ हे क्रियापदही पाहण्यासारखे आहे. भातखाचरात बांध फोडून पाणी वळवितात. गुरे राखणाऱ्याला गुरे वळणारा म्हणतात. पाण्याला आणि गुराला दिशा असतेच. ती बदलायची असते. मन वळविणाराही नवे मन घडवीत नाही, असलेले फिरवितो. शहरी मराठीतून ही प्रतिमा पुसट होत चालली असली, तरी शब्दात ती टिकून आहे.

शब्दकोशांना याबाबत दोष देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली आली. उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थ यांनी हाती घेतला आणि थॉमस कँडी यांनी तो १८४७ साली पूर्णत्वास नेला. दोन्ही कोश आजही उघडले जातात, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि कोशात प्रतिशब्द ओळीने उभे असतात. त्यांतला कोणता केवळ प्रयत्नाचा आणि कोणता फळाचा, हे ती ओळ सांगत नाही. ते वाक्यातूनच शिकावे लागते.

गोडी आणि विजय

‘पर्स्वेड’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘स्वादेरे’ म्हणजे सल्ला देणे, आग्रहाने सुचविणे. त्याला ‘पर’ हा ‘पूर्णपणे, शेवटास नेऊन’ अशा अर्थाचा उपसर्ग लागला. परिणाम अर्थात का शिरला, याचा धागा या उपसर्गात दिसतो. याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. भाषाशास्त्रज्ञ ‘स्वादेरे’चा संबंध ‘गोड’ या अर्थाच्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूशी जोडतात. त्याच धातूपासून इंग्रजीतील ‘स्वीट’ आला आणि त्याच धातूपासून संस्कृतातील ‘स्वादु’. म्हणजे ‘पर्स्वेड’ आणि आपल्या ताटातला ‘स्वाद’ ही दूरची भावंडे होत. गोष्ट गोड करून सांगणे, हा या क्रियापदाचा मूळ भाव. मराठीने ‘गोडीगुलाबीने’ आणि ‘लाडीगोडी लावून’ हे शब्दप्रयोग स्वतंत्रपणे घडविले, पण चव तीच राहिली.

‘कन्व्हिन्स’चे कूळ निराळे. त्यात ‘विन्केरे’ म्हणजे जिंकणे हा लॅटिन धातू आहे. युक्तिवादात समोरच्याला पुरते नमविणे, हा त्याचा जुना अर्थ. या फरकाची खूण वापरात आजही सापडते. ‘कन्व्हिन्स’ बुद्धीशी व्यवहार करते, ‘पर्स्वेड’ कृतीशी. धूम्रपान घातक आहे हे एखाद्याला पूर्ण पटलेले असते, तरी तो सिगारेट सोडीत नाही. डॉक्टरांनी त्याला ‘कन्व्हिन्स’ केले आहे, ‘पर्स्वेड’ केलेले नाही. उलट एखादा नातू आजोबांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला तयार करतो. शस्त्रक्रियेची गरज आजोबांना अजूनही पटलेली नसते, केवळ नातवाच्या शब्दाखातर ते निघतात. येथे ‘पर्स्वेड’ झाले, ‘कन्व्हिन्स’ झाले नाही. मराठीत हाच भेद ‘पटवून देणे’ आणि ‘मन वळविणे’ असा पाळता येतो.

अलीकडच्या इंग्रजीत, विशेषतः अमेरिकी इंग्रजीत, ही सीमा बरीच धूसर झाली आहे आणि ‘कन्व्हिन्स्ड हिम टु गो’ अशी रचना सर्रास आढळते. तिला आज चूक म्हणता येणार नाही. शिकणाऱ्याने मात्र आधी जुना भेद आत्मसात करावा आणि मग सवलत घ्यावी, हे बरे.

शहरी मराठीत ‘कन्व्हिन्स करणे’ आता घरोघरी रुळले आहे. यामागे इंग्रजीचे आकर्षण आहे, तसेच एक अडचणही आहे. ‘पटविणे’ या साध्या मराठी क्रियापदाला कॉलेजच्या कट्ट्यावर प्रेमप्रकरणाचा अर्थ चिकटला. ‘तिला पटवले’ म्हटले की ऐकणारे हसतात, म्हणून ‘तिला कन्व्हिन्स केले’. ‘पटवून दिले’ हा सभ्य आणि अचूक पर्याय हाताशी असताना तो मागे पडावा, हे खेदाचे आहे.

जेन ऑस्टेन यांची ‘पर्स्वेजन’ ही कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर, १८१७ सालच्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिची नायिका अ‍ॅन एलियट १९ वर्षांची असताना, आईच्या जागी असलेल्या एका वडीलधाऱ्या स्नेही बाईंच्या सांगण्यावरून, ठरलेले लग्न मोडते. तिच्यावर बळजबरी झालेली नसते, कोणी खोटेही बोललेले नसते. तिचे मन वळविले जाते आणि पुढची आठ वर्षे ती त्याची किंमत मोजते. मन वळू देणे हा दुबळेपणा की वडीलधाऱ्यांविषयीचे कर्तव्य, हा प्रश्न कादंबरीभर घोळत राहतो. आपल्याकडील किती विवाह याच क्रियापदाने जुळले आणि मोडले, याचा हिशेब वाचकांनी मनातच करावा.

वाक्यात बसविताना

रचनेचे नियम थोडे आहेत. कृतीसाठी मन वळविले तर व्यक्तीनंतर ‘टु’ आणि क्रियापद येते, ‘शी पर्स्वेडेड हर फादर टु सेंड हर टु कॉलेज’. नाराजी ओलांडून कोणाला एखाद्या गोष्टीत ओढले असा सूर हवा असेल, तर ‘इन्टु’ येतो, ‘दे पर्स्वेडेड हिम इन्टु साइनिंग’. या दुसऱ्या रचनेत किंचित संशयाचा वास आहे. मत बदलले असेल, तर ‘दॅट’ किंवा ‘ऑफ’ वापरतात. परावृत्त करण्यासाठी ‘डिस्वेड’ हे सख्खे भावंड आहे आणि त्याच्यामागून ‘फ्रॉम’ येतो, ‘डिस्वेडेड हिम फ्रॉम सेलिंग’.

मराठी माणसाच्या चुका ठराविक असतात. ‘त्याला’मधील ‘ला’ प्रत्ययामुळे ‘पर्स्वेडेड टु हिम’ लिहिले जाते. येथे ‘टु’ नको. ‘विक्रीसाठी’मधील ‘साठी’मुळे ‘पर्स्वेडेड हिम फॉर सेलिंग’ होते. येथे ‘फॉर’ नको. आणि कार्यालयीन पत्रव्यवहारातील ती अजरामर चूक, ‘काइंडली पर्स्वेड द मॅटर’. लिहिणाऱ्याला पाठपुरावा, म्हणजे ‘पर्स्यू’, अभिप्रेत असतो. प्रत्यक्षात तो प्रकरणाचीच मनधरणी करा, अशी विनंती करतो. सरकारी फायलींचा अनुभव असलेल्यांना हा सल्ला अगदीच चुकीचा वाटणार नाही.

मार्ग कोणता?

‘पर्स्वेड’ परिणाम सांगते, पण मार्गाबाबत जवळजवळ मौन पाळते. बळाचा वापर झाला नाही, एवढेच त्यातून सूचित होते. मार्ग सांगायचा असेल तर इंग्रजीत वेगळी क्रियापदे आहेत आणि त्यांची निवड निष्काळजीपणे करता येत नाही. हळूहळू, धीराने, गोंजारीत तयार करणे म्हणजे ‘कोक्स’. बुजलेल्या बैलाला चुचकारणे आणि थंडीत न सुरू होणारे इंजिन नाना खटपटी करून सुरू करणे, दोन्हींस हे क्रियापद चालते. त्याचा उगम मात्र ‘मूर्ख’ या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दात आहे. मूर्ख बनविणे या अर्थापासून ते गोंजारण्यापर्यंत आले. खोट्या स्तुतीने, लाडीगोडी लावून काम साधणे म्हणजे ‘कजोल’. डोळ्यांवर भुरळ पाडून ओढणे म्हणजे ‘इनव्हीगल’. ते आंधळा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आले असून पोलीस बातम्यांतील ‘फूस लावणे’ त्याच्या अगदी जवळचे आहे. काही देऊन किंवा दाखवून प्रवृत्त करणे म्हणजे ‘इंड्यूस’. प्रसूतिगृहात औषध देऊन कळा आणतात, त्यालाही हेच क्रियापद लावतात, कारण त्यात युक्तिवाद नसतो, केवळ कारण आणि परिणाम असतो. धाक घालून भाग पाडणे म्हणजे ‘कोअर्स’. साम, दाम, दंड, भेद हे चार उपाय ज्याला पाठ आहेत, त्याला ही विभागणी परकी वाटू नये. ‘पर्स्वेड’ सामाच्या घरात बसते, ‘इंड्यूस’ बहुधा दामाच्या, ‘कोअर्स’ दंडाच्या.

वर्गातील भाषांतरात यांची गल्लत झाली तर दोन गुण जातात. कायद्याच्या कागदात झाली तर जमीन जाऊ शकते.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १३ नुसार दोन किंवा अधिक व्यक्तींनी एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्यता दिली, तर ती संमती होय. ‘एकाच अर्थाने’ हे शब्द कायद्यातच आहेत. पुढचे कलम मुक्त संमती म्हणजे काय ते सांगते. बळजबरी, गैरवाजवी दबाव, फसवणूक, चुकीचे कथन किंवा चूक यांमुळे मिळालेली संमती मुक्त नसते. यांतील गैरवाजवी दबावाची व्याख्या विशेष वाचनीय आहे. दोघांमधील संबंधच असा असतो की एक जण दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकतो, आणि त्या स्थितीचा वापर करून तो अनुचित फायदा मिळवितो. आवाज चढविण्याचीही गरज नसते. सावकार आणि ऋणको, मालक आणि मजूर यांच्यातील गोड बोलणेही या कलमाच्या कक्षेत येऊ शकते. फौजदारी बाजूस, फसवणुकीच्या व्याख्येत ‘पर्स्वेड’ नव्हे तर ‘इंड्यूस’ हे क्रियापद आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ४१५ मध्ये ते होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्येही ते कायम राहिले.

मुरबाड आणि शहापूरमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. मुंबईला पाणी पुरविणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. मुरबाड तालुक्यातील नियोजित काळू धरणाला परिसरातील गावांतून विरोध झाला आणि त्याचे काम २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग शहापूरमधून जातो. त्यासाठी आधी मांडलेल्या भूसंचय योजनेला अनेक ठिकाणी विरोध झाल्यावर थेट खरेदीवर भर देण्यात आला आणि जून २०२५ मध्ये महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. फार्महाऊससाठी जमीन शोधणारे मुंबईकर आणि त्यांचे दलालही या भागाला नवे नाहीत. यांपैकी प्रत्येक व्यवहारात कोणीतरी कोणाचे तरी मन वळवीत असते, किंवा वळविल्याचे सांगत असते.

काही ठिकाणी मन वळणे पुरेसेही नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. खातेदार कितीही राजी असो, केवळ त्याच्या सहीने सातबारा बदलत नाही.

संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे भूसंपादनाबाबत कायद्याने दोन वेगळी इंग्रजी क्रियापदे वापरली आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यात ग्रामसभेला किंवा योग्य स्तरावरील पंचायतीला ‘कन्सल्ट’ करावे असे आहे, म्हणजे विचारविनिमय. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील कलम ४१ अनुसूचित क्षेत्रातील संपादनासाठी पूर्व‘कन्सेंट’ मागते, म्हणजे संमती. विचारले एवढ्यावर पहिले पूर्ण होते. दुसरे ‘होय’ आल्याशिवाय पूर्ण होत नाही. त्या दोहोंच्या मधल्या जागेत जे घडते, ते ‘पर्स्वेड’ की ‘इंड्यूस’ की ‘कोअर्स’, हे ठरविणे म्हणजे नेमके काय घडले ते ठरविणे होय.

मराठी बातमीतील एक नेहमीचे वाक्य येथे घेता येईल. ‘अधिकाऱ्यांनी गावकऱ्यांची समजूत काढली.’ वाचायला गुळगुळीत, सांगायला सोयीचे. याचे इंग्रजी ‘द ऑफिशियल्स पर्स्वेडेड द व्हिलेजर्स’ असे केले, तर गावाने होकार दिला असा अर्थ दूरवरच्या वाचकापर्यंत पोहोचतो. गावकऱ्यांनी केवळ ऐकून घेतले आणि ते घरी गेले असतील, तर ‘ट्राइड टु पर्स्वेड’ लिहावे लागेल. नोकरीचे आश्वासन देऊन सह्या घेतल्या असतील, तर ‘इंड्यूस्ड’. पोलीस बंदोबस्त लावून घेतल्या असतील, तर क्रियापद निवडण्यापूर्वी बातमीदाराने पुन्हा एकदा गावात जाऊन यावे.